बसलीस की संपलं

आधीच सांगून टाकते, मी खेळाडू वगैरे अजिबात नाही. वय ४३, पतसंस्थेत काउंटरला बसते, शाळेत खो-खोच्या टीममध्ये राखीव होते आणि शेवटपर्यंत राखीवच राहिले. सहा वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली म्हणून पळायला लागले, तेव्हा सोलापुरातल्या संभाजी तलावाची एक चक्कर पण पुरी झाली नव्हती, धापा टाकत कट्ट्यावर बसले होते. तिथंच आमचा हा ग्रुप भेटला. आमचे कॅप्टन म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर, त्यामुळं अजूनही रन सुरू करताना ते "चला, डबल बेल" असंच म्हणतात.

तर गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी कॅप्टनचा ग्रुपवर मेसेज, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सलग चार दिवस चार मॅरेथॉन, कोण कोण येतंय. मला वाटलं चुकून आला मेसेज. पण कॅप्टन काकांनी कुठंतरी त्या टेरी फॉक्सबद्दल वाचलं होतं, कॅनडाचा पोरगा, कॅन्सरमुळं उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला, १९८० साली नकली पाय लावून रोज साधारण एक मॅरेथॉन असं १४३ दिवस पळला. काका म्हणाले, "त्यानं एका पायावर १४३ दिवस केलं, आपल्याला दोन पाय आहेत, चार दिवस जमायला काय झालं?" ह्या हिशोबावर कुणाला काही बोलताच आलं नाही. नऊ जणांनी नावं दिली, त्यात बायका दोन, मी आणि एक डॉक्टर मॅडम.

घरी सांगितलं तर नवरा नुसता हसला. सासूबाई मात्र (मी त्यांना आत्या म्हणते) शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी मान पण वर केली नाही. "कोजागिरीला तुळजापूरला आम्ही चालत जातोच की गं, चपलेवर. त्याला कुणी मेडल देत नाही." आता ह्यावर काय बोलणार. सोलापूरच्या बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, कोजागिरीला इथून माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात, रस्ता नुसता माणसांनी भरलेला असतो, म्हातारी माणसं असतात, कडेवर पोरं घेतलेल्या बाया असतात. अंतर जवळपास मॅरेथॉनएवढंच. आत्यांनी २६ वेळा केलंय. मी एवढे महागाचे शूज घालून एक फुल मॅरेथॉन केली होती मुंबईला, ४ तास ४८ मिनिटं, आणि त्याचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. असो.

तयारीचं फार लांबवत नाही. सगळ्यांना वाटतं चार मॅरेथॉनसाठी खूप जोरात पळायची प्रॅक्टिस लागते, तसं नाही, दमलेल्या पायांनी परत पळायची प्रॅक्टिस लागते. म्हणून शनिवारी २८ किलोमीटर आणि रविवारी परत २४, असे जोड रन. नोव्हेंबरात एकदा शुक्र-शनि-रवि तिन्ही दिवस. पहाटे चारला बाहेर पडायचं कारण ऑक्टोबरात आपल्याकडं साडेआठला ऊन असं लागतं की बोलायचं काम नाही. कुत्री सात रस्त्यापासून मागं लागायची, त्यांची पण प्रॅक्टिस झाली असणार. आणि पळायचं कसं, तर चार मिनिटं पळायचं एक मिनिट चालायचं, पहिल्या किलोमीटरपासूनच, दमल्यावर नाही. अमेरिकेतल्या जेफ गॅलोवे नावाच्या कोचची ही पद्धत. आमच्यातल्या तरुण पोरांना हे फार लाजिरवाणं वाटायचं, पळताना चालायचं म्हणजे काय, लोक बघतात. त्यातले दोघं तिसऱ्या दिवशी नव्हते, पण ते पुढं येईल.

पहिला दिवस शहरातच. पार्क चौकातून सुरू, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, सात रस्ता, संभाजी तलाव, असे मोठे लूप. पहाटे साडेचारला स्वेटर घालायची थंडी, सिद्धेश्वराच्या तळ्यावर धुकं, गड्डा यात्रेच्या पाळण्यांचं सामान होम मैदानावर यायला लागलेलं. सगळे इतके खुशीत की पहिले १५ किलोमीटर आम्ही ठरलेल्यापेक्षा मिनिटभर फास्ट पळलो. काका सायकलवरनं ओरडत होते, "अहो ही लोकल आहे, एशियाड नाही!" कुणी ऐकतंय होय. ५ तास ३४ मिनिटांत संपवलं आणि मला वाटलं, हॅ, एवढंच?

हे "एवढंच" दुपारी कळलं.

डॉक्टर मॅडमनी आधीच समजावलं होतं. आपल्या स्नायूत आणि लिव्हरमध्ये मिळून साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. मॅरेथॉनमध्ये तो बराचसा संपतो, म्हणून तर ३० किलोमीटरच्या पुढं माणसाला भिंतीवर आदळल्यासारखं होतं. तो परत भरायला नीट खाल्लं तरी २४ तास लागतात, आणि पळून स्नायूला मार बसलेला असला की अजून जास्त. आम्ही पळणं संपवतो दहा-साडेदहाला आणि परत सुरू करतो साडेचारला, म्हणजे हातात अठरा तास. म्हणजे टाकी फुल्ल होणारच नाही, अर्धवट टाकीवरच रोज निघायचं आहे, प्रश्न एवढाच की किती अर्धवट. मॅडमचा हिशोब असा की वजनाच्या दर किलोला दिवसाला ८ ते १० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत. माझं वजन ५८. म्हणजे ५०० ग्रॅमच्या आसपास. नुसत्या भातात मोजलं तर साडेसहाशे ग्रॅम कच्चा तांदूळ! आत्यांनी पातेलं बघितलं आणि विचारलं, "कुणाची पंगत आहे?"

आणि गंमत म्हणजे भूकच लागत नाही. इतकं पळल्यावर माणूस तुटून पडेल असं वाटतं ना, उलट घास फिरतो तोंडात. भाकरी तर जाईचना, आयुष्यात पहिल्यांदा मला ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी नको झाली, तेलकट आणि चोथ्याचं काही नको वाटायचं. मग दहीभात, ताकात मीठ-साखर, केळी, गूळपाणी, उकडलेले बटाटे मीठ लावून, असं दर तासाला थोडं थोडं. दुपारी मोबाइलवर गजर लावून खात होते. जेवायसाठी गजर, काय दिवस आले.

दुसरा दिवस अक्कलकोट. हा दिवस मला सगळ्यात आवडला, खरं सांगते. कुंभारी जाईपर्यंत अंधारच होता, विडी घरकुलाकडनं बाया कामाला निघालेल्या, एकीनं थांबून विचारलं "कुणी गेलं काय गं?" म्हणजे आम्ही मयतीला पळत निघालोय असं वाटलं असणार. वळसंगला उजाडलं. पाय जड होते पण चालत होते, पहिले पाच किलोमीटर गंजलेल्या बिजागरीसारखे आणि मग आपोआप मोकळे झाले. मागं आमचा छोटा हत्ती, त्यात पाण्याचे जार, केळी, चिक्की आणि बर्फाच्या पाण्यात बुडवलेले सोलापुरी टॉवेल. नऊनंतर ऊन वाढलं की तो टॉवेल पिळून मानेवर टाकायचा, स्वर्ग. आपल्या गावात बनणाऱ्या वस्तूचा एवढा उपयोग मी आयुष्यात केला नव्हता.

अक्कलकोटला पोचलो तर घड्याळ दाखवतंय ३९ किलोमीटर. आता काय? काका म्हणाले पूर्ण करायचं म्हणजे करायचं. मग आम्ही आठ जण (एकानं वळसंगलाच पोटरी धरली आणि तो हत्तीत बसला) गावात फेऱ्या मारत सुटलो, बसस्टँडवरची माणसं बघतायत, भाविक बघतायत. मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटर हा आकडा पण कसला, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या जागेपर्यंत जेवढं भरलं तेवढं, आणि पुढं १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीसाठी मी अक्कलकोटच्या बसस्टँडला प्रदक्षिणा घालत होते. ५ तास ५८. मग स्वामींचं दर्शन बाहेरूनच आणि अन्नछत्रात महाप्रसाद. तिथला भात मी तीनदा घेतला, वाढणारे काका काही बोलले नाहीत, भला माणूस.

रात्र मात्र वाईट. पाय इतके ठणकत होते की चादर अंगावर घेतली तर तिचंच वजन लागत होतं. झोप जेमतेम तीन तास. सकाळी झोपेतून उठल्या उठल्या नाडी बघायची असं मॅडमनी सांगितलेलं, माझी एरवी ५८ असते ती ७१. आणि उजव्या तळव्याला पुढच्या बाजूला लिंबाएवढा फोड.

ह्या फोडावरनं आमच्या घरात पहाटे तीनला मोठं नाटक झालं. आत्या सुईदोरा घेऊन हजर. कोजागिरीची पद्धत अशी की सुईत दोरा ओवायचा, फोडातनं आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा म्हणजे पाणी झिरपत राहतं. मी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला, त्या पण उठलेल्याच होत्या. त्या म्हणाल्या दोरा अजिबात नाही, दोऱ्यावरनं घाण आत जाते. आत्या म्हणाल्या, "२६ वर्षं गेलेय, मला नाही झालं काही." मॅडम म्हणाल्या, "काकू, तुमचं नशीब चांगलं, हिचं आपल्याला माहीत नाही." शेवटी तह झाला. सुई आत्यांची, गॅसवर लाल करून मग स्पिरिटनं पुसलेली, दोरा रद्द. कडेला खालच्या बाजूनं दोन बारीक भोकं, पाणी दाबून काढलं, वरचं कातडं तसंच ठेवलं, बीटाडिन, गॉज आणि घट्ट चिकटपट्टी. आत्यांचा हात इतका हलका की मला कळलं पण नाही. पट्टी लावता लावता म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव. वाटेत कुठं बसायचं नाही. उभ्यानं पाणी पी, उभ्यानं खा. बसलीस की संपलं बघ."

पेनकिलर घेऊ का विचारलं तर मॅडम फोनवरच ओरडल्या. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ब्रुफेनसारख्या गोळ्या किडनीवर येतात, आधीच स्नायू तुटून त्याचा कचरा किडनीला उपसायचा असतो. लघवीचा रंग बघायचा, चहासारखा काळपट दिसला की पळणं बंद, सरळ हॉस्पिटल. आम्ही चार दिवस ग्रुपवर ह्या विषयावर जेवढी चर्चा केली तेवढी कुठल्या सुसंस्कृत माणसांनी केली नसेल. आणि विषय निघालाच आहे तर, हायवेवर बायकांना जायला जागा नसते हे पण लिहिते. पेट्रोलपंपाला कुलूप, किल्ली मालकाकडं, मालक झोपलेला. डिसेंबरात शाळू कमरेच्या वर आलेला असतो एवढंच आमचं नशीब. मी आणि मॅडम एकमेकींना राखण. सोबतच्या पुरुषांना हा प्रश्न आहे हेच माहीत नव्हतं, त्यांना वाटत होतं आम्ही दर दहा किलोमीटरला फोटो काढायला मागं राहतोय.

तिसरा दिवस विजापूर रोड, मंद्रूपच्या दिशेनं जायचं आणि अर्ध्यातनं परत. सुरुवातीला उरलो सात. जे दोघं सगळ्यात फास्ट होते, चालायला लाजत होते, त्यातल्या एकाचं नडगीचं हाड असं दुखत होतं की बोट लावू देत नव्हता, आणि दुसऱ्यानं, म्हणजे त्या पोटरीवाल्यानं, रात्री दोनला "सॉरी" एवढाच मेसेज टाकलेला. मी पहिले तीन किलोमीटर नुसती चालले. ३० किलोमीटरला येणारी भिंत त्या दिवशी १२ लाच आली. दम लागला नव्हता, पाय पण एवढे दुखत नव्हते, फक्त डोक्यातला दिवा गेला. वडकबाळच्या पुलावर सीनेचं पाणी बघत उभी होते आणि मला अगदी शांतपणे वाटलं की आपण आता घरी जावं. कुणावर राग नाही की रडू नाही, घरी जावं आणि बस्स. पुलाचा कठडा कमरेएवढा, त्यावर टेकायला हात ठेवला आणि आत्या आठवल्या. टेकले नाही. हे लिहिताना किरकोळ वाटतंय, पण त्या क्षणी टेकले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

तेवढ्यात मागनं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला, मोठ्यानं गाणी, पुलावर चढताना त्याचा वेग आणि माझा वेग एकच झाला. आम्ही जवळजवळ शंभर मीटर बरोबरीनं चाललो. ड्रायव्हर पोरगं विशीतलं, त्यानं वरनं विचारलं, "मावशी, गाडी चुकली काय?" मी म्हटलं नाही रे, पळतेय. "का?" ह्या "का"ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं जाऊन त्यानं ट्रॅक्टर बाजूला घेतला, मागच्या ट्रॉलीतनं एक ऊस ओढला, गुडघ्यावर मोडून दोन कांडी माझ्या हातात दिली आणि गेला. उभ्या उभ्या दातानं सोलून खाल्ली. खिशातलं ते महागडं एनर्जी जेल मला सकाळपासून उलटून येत होतं आणि हा रस कसा सरळ आत गेला, पंधरा मिनिटांत दिवा परत लागला. मॅडम म्हणाल्या साखरच की ती. असेल. ६ तास ५१, सगळ्यात शेवटी मी आणि काकांची सायकल. त्या दिवशी दोघं जण निम्म्यातच थांबले, उरलो पाच.

त्या संध्याकाळी सगळं नीट केलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून जे करायला पाहिजे होतं ते. आल्या आल्या ताक आणि भात, मग आंघोळ, भिंतीला पाय लावून अर्धा तास, परत भात, फोन बंद, साडेसातला झोप. शूजचे दोन जोड होते त्यातला अर्धा नंबर मोठा जोड बाहेर काढला कारण पाय सुजून जुन्यात जाईनात. पहिल्या दिवशी दुपारी मी स्टेटसवर फोटो टाकत आणि कमेंटला उत्तरं देत बसले होते, एक नातेवाईक आले त्यांना चहा करून दिला, बाजारात पण जाऊन आले. त्या चार-पाच तासांची वसुली तिसऱ्या दिवशी वडकबाळला झाली, पुलावरच्या त्या अर्ध्या तासाला मी दुसरं काही कारण देऊ शकत नाही. रस्त्यावर आम्ही सगळे थोड्याफार फरकानं सारखेच पळत होतो, आडवं पडायचं तेव्हा आडवं पडलेले पाच जण शेवटपर्यंत टिकले.

चौथा दिवस तुळजापूर. रूपाभवानीच्या देवळापासून सुरुवात, कोजागिरीला माणसं निघतात तिथूनच, अंतर कमी भरलं तर उरलंसुरलं गावात फिरून भरायचं. पहाटे चारला बघते तर छोट्या हत्तीत प्लास्टिकच्या खुर्चीवर सोलापुरी चादर पांघरून आत्या बसलेल्या. मला काही सांगितलं नव्हतं, काकांशी परस्पर बोलून ठरवलेलं.

हिप्परग्याचा तलाव अंधारात गेला, नुसतं गार वारं लागलं अंगाला. उळे, तामलवाडी, माळुंब्रा, प्रत्येक ठिकाणी आत्यांकडं काहीतरी आठवण, इथं अमक्या साली पाऊस आला, इथं चहावाला फुकट चहा द्यायचा, इथं तुझ्या नवऱ्याला पाठीवर घेतलं होतं. गाडी हळूहळू आमच्या बाजूनं आणि हे सगळं मोठ्यानं चाललेलं. कुणी जरा कट्टा बघून वाकलं की वरनं आवाज, "ए, बसायचं नाही!" काकांची डबल बेल बंदच झाली, गाडीचा ताबा आत्यांकडं. आमच्यातला एक जण बँकेत मॅनेजर आहे, तो पण घाबरून उभ्यानं केळं खात होता.

आश्चर्य म्हणजे तिसऱ्या दिवसापेक्षा बरं वाटत होतं. शेवटचा चढ सगळेच चालत चढले, त्यात लाज कसली, तिथं गाड्या पण पहिल्या गिअरला येतात. गाव आलं तेव्हा घड्याळात थोडं अंतर बाकी होतं, ते बाजारातनं परड्या आणि कवड्यांच्या माळांच्या दुकानांपुढनं वाकडंतिकडं पळून भरलं. ६ तास २२. पाचही जण. काकांनी बॅगेतनं जुनी कंडक्टरची पंचिंग मशीन काढली आणि आमच्या नंबरच्या कागदांना एकेक भोक पाडलं. हेच मेडल.

मग आत्या म्हणाल्या चला दर्शनाला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुळजाभवानीचं देऊळ खाली आहे. पायऱ्या उतरून जायचं. चार मॅरेथॉन झालेल्या माणसाला चढणं सोपं असतं, उतरणं नाही, उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना अंगाचं वजन धरतो आणि मार बसलेला असतो तो तिथंच. पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि गुडघा सरळ दुमडला. दोन्ही हात कठड्याला. शेवटी एकच उपाय सापडला, पाठ देवीकडं करून उलटं उतरायचं, लहान मूल पलंगावरनं उतरतं तसं. आम्ही पाच जण ओळीनं उलटे, पुढं आत्या माझा पदर, म्हणजे टी-शर्टचं टोक, धरून पायरी सांगतायत, "आली, अजून एक, आली."

एक म्हातारी आजी वर येत होत्या, कपाळभर हळद-कुंकू. थांबून आमच्याकडं बघितलं, हात जोडले आणि आत्यांना हळूच विचारलं, "बाई, कसला नवस हाय ह्यांचा?"

आत्यांनी टी-शर्ट सोडला नाही. म्हणाल्या, "चार दिसांचा हुता. फिटला आज."